तुरुंगात पुरुष जास्त, संसदेतही पुरुषच जास्त. दोन्हींचं कारण एकच मानायचं का?

नमस्कार मंडळी,

एका वादात अडकलोय, जाणकारांनी जरा हात द्यावा.

मित्राचं म्हणणं असं: जगभरातल्या कैद्यांत बायका जेमतेम ७ टक्के. खुनासाठी दोषी ठरणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून जास्त पुरुष. आणि संसदांमध्येही जवळपास तीन चतुर्थांश पुरुषच. म्हणजे पुरुषाला जोखमीची खुमखुमी जास्त. काही गजाआड जातात, काही खुर्चीवर बसतात. विषय संपला!

ऐकायला झकास आहे, पण मला पटत नाही. हिंसक गुन्ह्यांचा जोर असतो ऐन विशीच्या आसपास, पुढे तो ओसरतो. खासदारांचं सरासरी वय पन्नाशीच्या घरात. विशीतली रग तिथवर टिकते कुठे? शिवाय १९९५ साली जगातल्या संसदांत महिला ११ टक्के होत्या, आता २७ च्या आसपास आहेत. रवांडात तर राखीव जागांच्या तरतुदीनंतर त्या ६० टक्क्यांच्या वर गेल्या. एवढ्यात काही बायकांचा पिंड बदलला नाही, नियम बदलले.

खरी गाठ शिक्षेपाशी आहे. अमेरिकेतल्या फेडरल (म्हणजे केंद्रीय कायद्याखालच्या) खटल्यांवर कायद्याच्या प्राध्यापक सोनिया स्टार यांचा २०१२ चा अभ्यास आहे. अटकेच्या वेळचा गुन्हा आणि पूर्वीचा गुन्हेगारी इतिहास सारखा धरूनही पुरुषांना सरासरी ६३ टक्के जास्त शिक्षा! यात आरोपीच्या स्वभावाचा संबंध काय? ठरवतात सरकारी वकील आणि न्यायाधीश. त्यांनी तुलना अटकेपासून धरली हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण कुठली कलमं लावायची आणि गुन्हा कबूल करण्याच्या तडजोडीत कुठली गाळायची इथेच निम्मा खेळ होतो. नुसता निकाल पाहिला तर बायकांना मिळणारी ही सूट पुरती दिसत नाही.

माझा संशय असा, की ‘बाई बिचारी, तिला सांभाळून घ्या’ म्हणणारी नजरच तिला मोठ्या पदासाठी कच्ची ठरवते. पण हे सिद्ध कसं करायचं?

तर विचारायचंय:

अटक, आरोपपत्र, शिक्षा असे टप्पे वेगळे करून पाहणारे अभ्यास अमेरिकेबाहेर झालेत का?

पदरी लहान मूल असणं किंवा टोळीत दुय्यम भूमिका असणं ही सवलतीची रास्त कारणं धरायची की पूर्वग्रहात मोजायची? (वकील मंडळी, इथे तुमची खास गरज आहे.)

आणि ‘चांगल्या बाई’च्या साच्यात न बसणाऱ्या आरोपींना ही सूट मिळते, की उलट जास्तच शिक्षा होते?

‘पुरुष असेच, बायका अशाच’ छापाचे प्रतिसाद कृपया नकोत, ते मित्राकडून रोज मिळतात.