लाकडी स्नेअर ड्रम घेताना लाकूड बघायचं की सुतारकाम?

सुतारपक्षी
आठ वर्षं स्टीलच्या स्नेअरवर (खालच्या पडद्यावर तारा ताणलेला ड्रम) काढली. आता एकच, पण शेवटपर्यंत साथ देईल असा लाकडी घ्यायचाय. माप ठरलंय, 14 बाय 6.5 इंच. दोन पसंत पडलेत. एक मेपलचा, आठ थरांच्या प्लायचा. दुसराही मेपलचाच, पण एकच अखंड फळी वाफेवर वाकवून केलेला, आणि अर्थातच कितीतरी महाग.

भांडायला सोपं जावं म्हणून माझं मत आधीच सांगतो. मेपल उबदार, बर्च धारदार, महोगनी खर्जातली, हे जे पुराण आपण एकमेकांना सांगतो, त्यातलं निम्मं विकणाऱ्यांनी रचलंय. शेल, म्हणजे ड्रमचा सांगाडा, गोल आहे का, बेअरिंग एज, म्हणजे पडदा टेकतो ती त्याची कड, सपाट आहे का, हे आधी. मग हेड (तो पडदा) आणि हूप (त्याला ताणून धरणारं कडं). लाकूड त्यानंतर. खोडून काढा.

खर्जातला
काढतो. बर्च आणि मेपल, दोन्ही एकाच मापाचे, हेड एकाच जातीचं, तारा वीसपदरी, असे शेजारी ठेवून वाजवलेत मी. बर्चमध्ये मधला आवाज मागे सरतो आणि वरचा फटका पुढे येतो. यामाहाने बर्चच्या सेटला 'रेकॉर्डिंग कस्टम' हे नाव काही उगाच दिलेलं नाही. माइकसमोर तो आयताच आवरलेला आवाज देतो. कान आहेत ना आपल्याला?

सुतारपक्षी
कान आहेत. पण दोन्हींच्या कडा सारख्या होत्या का? आणि शेलची जाडी?

खर्जातला
जाडी जवळपास सारखी. कडा... बर्चची 45 अंशांची टोकदार होती, मेपलची जरा गोलसर. बरं, एक गुण तुला.

तारेवरची
एक नाही, दोन गुण. गोलसर कडेवर हेड जास्त रुंदीवर टेकतं, त्यामुळे घुमणं लवकर मिटतं. टोकदार कडेवर कमी टेकतं, म्हणून फटका स्वच्छ आणि लांब. तू लाकूड म्हणून जे ऐकलंस त्यात कडेचा वाटा किती, हे आता तूही सांगू शकणार नाहीस.

आणि स्नेअर बेडबद्दल कुणीच बोलत नाही याचं मला नेहमी नवल वाटतं. खालच्या कडेला समोरासमोर दोन जागी जो उथळ उतार काढतात, तो चुकला की तारा हेडला सपाट बसतच नाहीत. मग माणूस तारा बदलतो, हेड बदलतो, स्ट्रेनरला (तारा ताणणाऱ्या खटक्याला) शिव्या घालतो. लाकूड कितीही उंची असो, बेड कापणाऱ्याचा हात हलला की खेळ खलास.

रिमशॉट
मुळात लाकूडच का? लुडविगचा सुप्राफोनिक स्नेअर अॅल्युमिनियमचा आहे आणि त्याच्यावर किती रेकॉर्डिंग झालीत!

सुतारपक्षी
कारण धातूचा आहे माझ्याकडे. पुढे.

जुनं खोड
अखंड शेलची बाजू मी घेतो. 1930 च्या दशकातला स्लिंगरलँडचा रेडिओ किंग स्नेअर आठवा. वाफेवर वाकवलेली मेपलची एकच फळी, आत आधाराच्या कड्या. आजही लोक तो शोधत फिरतात. प्लायमध्ये थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, मध्ये सगळा गोंद. अखंड फळीत लाकडाची रेषा सलग गोल फिरते आणि शेल मोकळा गातो.

तारेवरची
त्याच रेडिओ किंगच्या कडा आणि बेड ओबडधोबड असतात, हेही सांगा की! कित्येक जण आधी कडा नव्याने कापून घेतात आणि मगच तो वाजवण्याजोगा होतो.

जुनं खोड
बरोबर. पण कडा कापल्यावर जो आवाज येतो तो कुठून येतो? आडात असतं म्हणून पोहऱ्यात येतं. भिकार शेलच्या कडा कितीही कापा, आतून काय निघणार?

खर्जातला
आता कसं बोललात!

तारेवरची
मान्य, पण अर्धंच. अखंड शेल दमट-कोरड्या हवेत गोलाई सोडू शकतो, आधाराच्या कड्या त्यासाठीच असतात. प्लाय त्या बाबतीत जास्त इमानी. सुतारपक्षी, घेण्याआधी दोन्ही हेड उतरव. शेल काचेवर ठेव, आत दिवा लाव, खोलीत अंधार कर. कडेखालून उजेड डोकावला तर समज. मग व्यास चार-पाच दिशांनी मोज. आणि हेड बोटाने फिरवून बघ, शेलवर कुठे अडकतंय का.

सुतारपक्षी
आज करून आलो. प्लायवाला निर्दोष, उजेडाची रेघसुद्धा नाही. अखंड शेलची गोलाई उत्तम, पण जोडाजवळ वरच्या कडेखालून चक्क पातळ कागद सरकतो. त्याला डायकास्ट (साच्यात ओतलेले) हूप होते, आणि रिमशॉटचा (काडी हेड आणि हूपवर एकदम मारण्याचा) जो कडकडाट मला लाकडाचा वाटला होता तो बराचसा हूपचाच निघाला. प्लायवाल्याचे 2.3 मिलिमीटरचे साधे वाकवलेले हूप त्याच्यावर चढवले, तर निम्मा दरारा गेला.

पण खरं सांगतो, हळू वाजवताना, घोस्ट नोट्समध्ये (जेमतेम ऐकू येणाऱ्या हलक्या ठोक्यांत), अखंडवाला काहीतरी वेगळंच बोलतो. कड वाकडी असूनसुद्धा. हे मला माझ्या मताविरुद्ध लिहावं लागतंय.

जुनं खोड
मग घे की! कड कापून मिळेल.

सुतारपक्षी
कापून देतो म्हणालेत. आली की दोन्हींना एकच हेड, एकच हूप, एकच सूर लावणार. वाजवणार बायको, मी भिंतीकडे तोंड करून ऐकणार.

खर्जातला
आणि काडीखाली काय लागतं ते कुणाला कळणार? वाजवायचा तुला आहे, भिंतीला नाही.