मतदाराचे ‘पक्षांतर’ होते का?

भाषांतरी:
एका दिवाळी अंकासाठी मी अमेरिकेतील केंटकी राज्याच्या ग्रामीण पूर्व भागाविषयीच्या लेखाचे भाषांतर करीत आहे आणि एका वाक्यापाशी अडलो आहे. त्या भागात एलियट नावाची एक लहानशी काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग, आहे. वस्ती सात हजारांच्या आसपास, मुलूख डोंगराळ आणि एके काळी मुख्य पीक तंबाखूचे. 1869 मध्ये स्थापना झाल्यापासून अध्यक्षपदाच्या प्रत्येक निवडणुकीत तिने डेमोक्रॅटिक पक्षालाच कौल दिला होता. 2012 मध्येही ओबामा यांना तेथे थोडेसे का होईना मताधिक्य मिळाले. 2016 मध्ये मात्र तेथेच ट्रम्प यांना सुमारे 70 टक्के मते पडली. लेखाचे म्हणणे असे की, या मतदारांपैकी पुष्कळ जण त्या दिवशीही कागदोपत्री डेमोक्रॅटच होते आणि नंतरही तसेच राहिले.

मी ‘नोंदणीकृत डेमोक्रॅट मतदारांनी ट्रम्प यांना मते दिली’ असे लिहिले होते. संपादकांनी ते ‘डेमोक्रॅटिक पक्षाच्या सभासदांनी पक्षांतर करून ट्रम्प यांना मते दिली’ असे केले. मला ‘सभासद’ही खटकतो आणि ‘पक्षांतर’ही. परंतु ‘नोंदणीकृत’ म्हटले की वाचकाच्या डोळ्यांपुढे सहकारी पतसंस्था उभी राहते, हा संपादकांचा आक्षेप मला खोडून काढता येत नाही. आपण काय लिहाल?

लेक्सिंग्टनकर:
मी केंटकीत राहतो, म्हणून आधी ही नोंदणी म्हणजे काय ते सांगतो. येथे मतदार म्हणून नाव घालण्याच्या अर्जातच पक्षाचा रकाना असतो आणि त्यात खूण करायची असते. वर्गणी नाही, पावती नाही, पक्षाच्या कार्यालयाची पायरी चढावी लागत नाही आणि पक्षाला तुम्हाला काढूनही टाकता येत नाही. त्यामुळे ‘सभासद’ हा शब्द पूर्णपणे दिशाभूल करणारा आहे.

मग लोक ही खूण का जपतात? केंटकीत पक्षाचा उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक बंदिस्त असते, म्हणजे त्या पक्षाच्या नावे नोंद असलेल्यांनाच तीत मत देता येते. पूर्वेकडच्या कित्येक काउंट्यांत शेरीफ, क्लार्क (काउंटीचा नोंदणी अधिकारी), तुरुंगाधिकारी ही सगळी निवडून द्यायची पदे पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅटांकडेच असल्यामुळे खरी लढत मे महिन्यातल्या त्या प्राथमिक फेरीतच होत असे आणि नोव्हेंबरात नुसता उपचार उरत असे. आपल्या ओळखीचा शेरीफ निवडून आणायचा असेल तर डेमोक्रॅट म्हणून नोंद हवीच. वॉशिंग्टनला कोण जातो हा वेगळा विषय. शिवाय नोंद बदलायची तर आदल्या वर्षाच्या 31 डिसेंबरच्या आत बदलावी लागते, नाहीतर पुढच्या प्राथमिक फेरीत पक्षाच्या उमेदवारीसाठी मत देता येत नाही. इतक्या खटपटीत कोण पडतो? सबंध राज्यात रिपब्लिकन नोंदींची संख्या डेमोक्रॅट नोंदींच्या पुढे गेली ती थेट जुलै 2022 मध्ये, आणि अध्यक्षपदासाठी केंटकीने डेमोक्रॅट उमेदवाराला शेवटचा कौल दिला तो 1996 मध्ये, क्लिंटन यांना. मधल्या 26 वर्षांत या माणसांना काय म्हणायचे, हाच आपला प्रश्न आहे असे मला वाटते.

शुद्धमती:
‘पक्षांतर’ येथे चालणार नाही, याबद्दल दुमत नसावे. तो शब्द लोकप्रतिनिधीसाठी आहे. 1967 च्या आयाराम-गयारामांपासून तो वर्तमानपत्रांत रुळला आणि 1985 च्या पक्षांतरबंदी कायद्याने त्याला घटनात्मक अर्थ दिला. ज्याने पक्षाच्या चिन्हावर पद मिळवले तोच पक्षांतर करू शकतो. मतदाराने पक्षाकडून काहीच घेतलेले नसते, तेव्हा त्याला हा शब्द लावणे म्हणजे त्याच्यावर आरोप करणे होय. मी ‘पक्षनोंदित मतदार’ आणि ‘मतपालट’ हे दोन शब्द सुचवतो. दोन्ही सुटसुटीत आहेत आणि घडणीने मराठी आहेत.

लेक्सिंग्टनकर:
पदाधिकाऱ्यांपुरते आपले म्हणणे मान्य आहे. एलियटच्या शेजारच्याच रोवन काउंटीत किम डेव्हिस 2014 मध्ये डेमोक्रॅट म्हणून क्लार्क झाल्या. त्यांच्या आधी ते पद त्यांच्या आईकडे होते. समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने देण्यास नकार दिल्याबद्दल 2015 मध्ये त्यांना काही दिवस तुरुंगात काढावे लागले आणि त्याच वर्षी त्या रिपब्लिकन झाल्या. हे खरे पक्षांतर. पुढे 2018 मध्ये त्याच पदासाठी त्यांना एका डेमोक्रॅट उमेदवाराने हरवले. मतदार त्यांच्यामागून गेले नाहीत. मग मतदारांनी काय केले म्हणायचे?

खानापूरवाला:
‘पक्षनोंदित’ हा शब्द कोणी तोंडाने उच्चारील, असे मला वाटत नाही. आमच्या सीमाभागात असला मतदार प्रत्येक गल्लीत भेटतो आणि त्याला मराठीत शब्दही आहे. तो स्वतःला ‘समितीचा’ म्हणवतो. आजोबा महाराष्ट्र एकीकरण समितीच्या सत्याग्रहात तुरुंगात गेलेले, वडिलांनी आयुष्यभर समितीशिवाय दुसऱ्या कोणाला मत दिलेले नाही, आणि नातू लोकसभेला खुशाल राष्ट्रीय पक्षाला मत देऊन येतो. 2018 आणि 2023 या कर्नाटकच्या दोन्ही विधानसभा निवडणुकांत समितीची एकही जागा आली नाही, म्हणजे विधानसभेलाही अनेकांनी तेच केले. तरीही त्या नातवाला ‘तू कुणाचा?’ असे विचारा, उत्तर येईल ‘आम्ही समितीचे’. त्यात खोटेपणाचा लवलेश नसतो, कारण त्याच्या लेखी प्रश्न मताचा नसून घराण्याचा असतो.

म्हणून ‘सभासद’ नको आणि ‘नोंदणीकृत’ही नको. षष्ठीचा प्रत्यय पुरे: ‘एलियट काउंटीतील माणसे डेमोक्रॅटांचीच होती, मते मात्र त्यांनी ट्रम्प यांना दिली.’

शुद्धमती:
बोलण्यात हे शोभून दिसेल, छापील गद्यात ते संदिग्ध आहे. ‘डेमोक्रॅटांची माणसे’ म्हटले तर वाचक कार्यकर्ते समजेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे पाळलेली माणसे समजेल.

व्युत्पत्तीवेडा:
माझ्या मते मूळ अडचण ‘निष्ठा’ या शब्दात आहे, कारण लेखाच्या मथळ्यात ‘बदलत्या निष्ठा’ असे काहीतरी असणारच. निष्ठा हा शब्द ‘नि’ आणि ‘स्था’ यांपासून झाला. एखाद्या जागी ठाम उभे असणे हा त्याचा गाभा आहे. जी बदलते ती निष्ठाच नव्हे, असे कोणी म्हणू शकेल. परंतु गीतेच्या तिसऱ्या अध्यायात ‘लोकेऽस्मिन् द्विविधा निष्ठा’ असे म्हटले आहे. तेथे निष्ठा म्हणजे भक्तीही नाही आणि इमानही नाही. साधकाने धरलेली वाट, तिच्यावरची त्याची स्थिती, असा अर्थ आहे आणि अशा वाटा दोन असू शकतात. या अर्थाने केंटकीच्या शेतकऱ्याची निष्ठा बदललेली नाही, ती द्विविधा आहे. काउंटीच्या कचेरीत तो एका वाटेवर उभा आहे आणि अध्यक्षपदाच्या मतपत्रिकेपुढे दुसऱ्या.

‘इमान’ मात्र अरबीतून आलेले आहे. त्याचा मूळ अर्थ श्रद्धा असा असून ते एकाच ठिकाणी ठेवायचे असते. म्हणूनच ‘बेइमान’ ही शिवी होते आणि ‘निष्ठाहीन’ ही फार तर टीका होते. राजकीय लेखकांनी हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरून घोळ घातला आहे.

माणदेशी:
गीतेपर्यंत जाण्याची गरज नाही. सांगोला भागात यासाठी क्रियापद आहे आणि ते म्हणजे ‘फिरणे’. ‘गाव फिरलं’, ‘वाडी फिरली’, ‘या खेपेला आमची भावकी फिरली.’ गणपतराव देशमुख शेतकरी कामगार पक्षाकडून सांगोल्यातून 11 वेळा आमदार झाले, आणि त्या काळातही लोकसभेला तीच घरे निरनिराळ्या पक्षांना मते देत असत. त्याला कोणी फिरणे म्हणत नसे, कारण आमदारकी आणि खासदारकी ही दोन वेगळी खाती मानलेली होती. 2019 मध्ये हजाराच्याही आतल्या मतांनी आमदारकी शेकापच्या हातून गेली, तेव्हा ‘तालुका फिरला’ असे म्हटले गेले. 2024 मध्ये ती पुन्हा शेकापकडे आली, तेव्हाही ‘तालुका फिरला’ असेच म्हटले गेले.

सांगायचा मुद्दा असा की, ‘फिरणे’ कधी म्हणायचे हे लोक मतांच्या बेरजेवरून ठरवीत नाहीत. जे नाते पक्के धरलेले असते तेथेच ‘फिरणे’ होते. 2024 मध्ये महाराष्ट्राने लोकसभेला 48 पैकी 30 जागा महाविकास आघाडीला दिल्या आणि सहा महिन्यांच्या आत विधानसभेला महायुतीला 288 पैकी सव्वादोनशेहून अधिक दिल्या. वर्तमानपत्रे मतदार फिरला म्हणाली. आमच्या पारावर तसे फारसे कोणी म्हणाले नाही.

शुद्धमती:
‘फिरणे’ला दिशा नाही, ही आपणच दाखवून दिलेली त्याची उणीव आहे. गेलेलाही फिरला आणि परतलेलाही फिरला, तर वाचकाने काय समजावे? शिवाय ‘डोके फिरले’, ‘नियत फिरली’ या प्रयोगांमुळे त्या क्रियापदाला दोषाची छटा आहे. मी सुचवलेल्या ‘मतपालट’ला ती नाही.

खानापूरवाला:
‘वारे फिरले’, ‘दिवस फिरले’, ‘दृष्ट लागण्याजोगे नशीब फिरले’ यांत कसला दोष आहे? आणि ‘मतपालट’ला दोष नसेल, पण ‘मत’ म्हणजे अभिप्राय की मतपत्रिकेवरचे मत, हा घोटाळा आहेच. केंटकीच्या या लोकांचा अभिप्राय पालटला असे तरी कोणी सिद्ध केले आहे? बंदूक, गर्भपात, कोळसा यांविषयी त्यांची मते 1996 मध्ये जी होती तीच 2016 मध्ये असतील. पक्षच त्यांच्यापासून दूर गेला, असे तेथील पुष्कळ जण सांगतात म्हणून वाचले आहे.

लेक्सिंग्टनकर:
तसे सांगणारे मलाही भेटतात. पण ते स्पष्टीकरण जरा जास्तच सोयीचे आहे, कारण ते सगळा दोष दूरच्या माणसांवर टाकते. एलियटमध्ये कोळशापेक्षा बर्ली तंबाखूवर पोट होते. ज्या कोटा आणि हमीभावाच्या पद्धतीवर हे छोटे शेतकरी तगून होते, ती न्यू डीलच्या, म्हणजे रूझवेल्ट यांच्या 1930 च्या दशकातील मदत योजनांच्या, काळात डेमोक्रॅटांनी आणली होती आणि 2004 च्या कायद्याने मोडीत निघाली. पलीकडच्या कोळशाच्या काउंट्यांत खाणकामगारांची संघटना हाच पक्षाचा खरा धागा होता. खाणी बंद पडल्या तशी संघटनाही गेली. आजोबा ज्या कारणासाठी डेमोक्रॅट होते ते कारण गेले आणि नोंद तेवढी उरली. लेखकाला मी ‘पिढीजात डेमोक्रॅट’ हा शब्द सुचवेन, कारण त्यात सध्याच्या मताविषयी काहीही गृहीत धरलेले नाही. याच राज्याच्या आग्नेयेला जॅक्सन आणि औस्ली या काउंट्या आहेत. त्या यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने होत्या आणि तेव्हापासून पिढीजात रिपब्लिकन आहेत. त्यांना कोणी कधी फिरवू शकले नाही. गरिबी मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

भाषांतरी:
‘पिढीजात’ मला पटतो आहे. पण लेखात पुढेच आणखी एक खोडा आहे. ‘पिवळ्या कुत्र्याचा डेमोक्रॅट’ असा एक वाक्प्रचार तेथे आला आहे. रिपब्लिकनाला मत देण्यापेक्षा पिवळ्या कुत्र्याला देईन, असे म्हणणारा तो हा मतदार. 1928 च्या निवडणुकीत तो दक्षिणेकडे गाजला. जसाच्या तसा ठेवू का?

माणदेशी:
‘दगड उभा केला तरी निवडून येईल’ हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे. काँग्रेसच्या भरभराटीच्या काळात तर ‘दगडाला शेंदूर फासून उभा करा’ असे म्हणत. कुत्रा काढावा आणि दगड ठेवावा.

व्युत्पत्तीवेडा:
हे दोन्ही प्रयोग एक नाहीत. दगडाच्या वाक्यात पक्षाची ताकद सांगितली आहे आणि बोलणारा बहुधा थट्टा करणारा किंवा वैतागलेला विरोधक असतो. कुत्र्याच्या वाक्यात मतदार स्वतःविषयी अभिमानाने बोलतो. शिवाय शेंदूर फासला की दगडाचा देव होतो. पिवळा कुत्रा शेवटपर्यंत कुत्राच राहतो.

शुद्धमती:
‘पिवळा कुत्रा’ असाच ठेवून अर्थ तेथेच उलगडावा. परक्या मुलखातील माणसाच्या तोंडी शेंदूर घालणे मला तरी प्रशस्त वाटत नाही. ‘पिढीजात’बद्दलही माझा आक्षेप आहे. पिढीजात धंदा असतो, पिढीजात वैर असते. मताधिकार पिढीजात कसा असेल?

खानापूरवाला:
वैर चालते तर पक्ष का चालू नये? बहुतेक गावांत ते दोन्ही एकाच वाटणीत आलेले असतात.

लेक्सिंग्टनकर:
आणखी एक गुंता आपल्यापुढे ठेवतो, कारण वरच्या कोणत्याही शब्दात तो बसत नाही. अँडी बेशिअर हे डेमोक्रॅट असून 2019 मध्ये सुमारे पाच हजार मतांनी राज्यपाल झाले. येथे राज्यपाल लोकांनी निवडलेला असतो, म्हणजे कामाने तो मुख्यमंत्रीच. त्या शब्दावर वेगळी चर्चा व्हावी. शिक्षकांच्या निवृत्तिवेतनावरून मावळत्या राज्यपालांविरुद्ध संताप होता. 2022 च्या जुलैत पूर्व केंटकीत महापूर आला आणि 2023 मध्ये बेशिअर पुन्हा निवडून आले, तेव्हा लेचरसारख्या पूरग्रस्त काउंटीतही त्यांना अधिक मते पडली. त्याच लेचरने 2020 आणि 2024 मध्ये ट्रम्प यांना प्रचंड मताधिक्य दिले आहे. येथील मतपत्रिकेवर एकाच खुणेने सर्व पदांसाठी एका पक्षाला मत देण्याची सोय आजही आहे. ती असताना ही माणसे नावे एकेक पाहून खुणा करीत होती, असे म्हणावे लागते.

माणदेशी:
याला आम्ही ‘फोडून मत देणे’ म्हणतो.

शुद्धमती:
‘मते फुटणे’ हे विधान परिषदेच्या निवडणुकीत आमदारांचे होते. आपण पुन्हा प्रतिनिधीचा शब्द मतदाराला लावत आहात.

माणदेशी:
फुटणे वेगळे आणि फोडणे वेगळे. फुटतात ती दुसऱ्याची मते. फोडून देतो ते आपले मत. झेडपी आणि पंचायत समितीला एकाच दिवशी दोन मते द्यायची असतात, तेव्हा घरातली म्हातारीसुद्धा ‘एक इकडं, एक तिकडं’ असे ठरवून जाते. तिला फुटलेली म्हणून पाहा.