एइरला जुना आधार आहे
तेराव्या शतकातला आइसलँडी लेखक स्नोरी याने एइर या नॉर्स देवीवर एकच ओळ खर्चली, ‘वैद्यांत सर्वोत्तम’, म्हणून तिचे आजचे पूजक सगळं मनचंच रचतात, असं कुणीकुणी म्हणतं. अगदीच तसं नाही. ‘फ्योल्सविन्समाल’ या जुन्या नॉर्स काव्यात त्यातली नायिका मेंगलोद हिच्या पायाशी बसलेल्या नऊ जणींत एइर आहे. त्यांच्या डोंगरावर वर्षभराच्या दुखण्याने खंगलेली बाई चढली तरी बरी होते. वेदीवर नैवेद्य देणाऱ्यांना त्या संकटात तारतात. आता हे काव्य मिळतं ते १७व्या शतकातल्या कागदी हस्तलिखितांतून, ही मेख आहेच! पण आजाऱ्यासाठी कुणी शिंगातली मधाची दारू जमिनीवर ओतून तिचं नाव घेतलं, तर त्याला निदान एवढा आधार आहे. आजचे पूजक तिच्यासाठी मेणबत्ती लावतात ती प्रथा नवी, हे मान्य.