१२ एकरात आर्बोरेटम करायचं आहे, बिल्डिंगला किती आणि झाडांना किती ठेवायचे?

काटोलरोडकर
नमस्कार मंडळी. आमच्या ट्रस्टची काटोल रोडला १२ एकर जागा पडून आहे, तिथे विदर्भातल्या झाडांचं आर्बोरेटम करायचं ठरलं आहे, म्हणजे नुसता बगीचा नाही, प्रत्येक झाडाची नोंद, पाटी, शाळेच्या पोरांना आणून दाखवता येईल असं. आर्किटेक्टनं ३ कोटी ४० लाखाचं एस्टिमेट दिलं, त्यात १ कोटी ९० लाख एकट्या व्हिजिटर सेंटरचे, मग ऑफिस, कँटीन, पेव्हर ब्लॉकचे रस्ते, कारंजं आणि झाडांसाठी एकच ओळ, "लँडस्केपिंग व १५०० रोपे". विश्वस्तांना थ्रीडी ड्रॉइंग भारी आवडलं. हातात ६० लाख आहेत, बाकी सीएसआरमधून (कंपन्यांना कायद्यानं सामाजिक कामावर करावा लागणारा खर्च) आणू म्हणतात. अर्धी जमीन काळी, अर्धी मुरमाड, विहीर एक आणि ती एप्रिलमध्ये तळ दाखवते. कात्री कुठे लावायची आणि पहिले काय करायचं?

रिटायर्ड_ओव्हरसियर
भाऊ, पहिले हे पाहा की बिल्डिंग काळ्या मातीवर बसवून राहिले का मुरमावर. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, मे महिन्यात आकसून हाताहाताच्या भेगा पडतात, तिच्यावर साधा पाया घेतला की दोन-तीन वर्षांत भिंतीला तिरप्या चिरा. मग अंडर-रीम्ड पाइल (खालच्या टोकाला फुगवलेले खोल खांब) घ्या, नाहीतर माती उकरून मुरूम भरा, चहूबाजूनं प्लिंथ प्रोटेक्शन (पायात पाणी मुरू नये म्हणून भिंतीलगतचा पक्का पट्टा) करा, हा सगळा पैसा जमिनीखाली जाते आणि उद्घाटनाच्या दिवशी कोणाले दिसत नाही. तेच सेंटर मुरमाकडे सरकवलं तर पाया बराच स्वस्तात होते. आणखी एक, ड्रॉइंगमध्ये भिंतीला चिकटून जी हिरवी झाडं काढली असतील ना, ती खोडायले सांगा. मोठं झाड उन्हाळ्यात काळ्या मातीतलं पाणी ओढते, तेवढीच माती बसते आणि भिंत फाटते. झाड पूर्ण वाढल्यावर जेवढं उंच होईल निदान तेवढं अंतर ठेवा, वड-पिंपळाले त्याहून जास्त. पेव्हर ब्लॉक आणि कारंजं सरळ कापा, मुरमाचा रोलर मारलेला रस्ता पुरते. आणि एस्टिमेटात १८ टक्के जीएसटी, लाइटचं कनेक्शन, कंटिन्जन्सी (अचानक खर्चाची राखीव रक्कम) धरली आहे का विचारा, ३ कोटी ४० चे ४ कोटी तिथेच होतात.

धावडा_तिवस
ओव्हरसियर साहेबांचं पायाचं बरोबर आहे पण सगळं बांधकाम मुरमावर नेलं तर सालई, धावडा, साग कुठे लावणार? ती पाणी साचणाऱ्या काळ्या मातीत रडतात, तिथे बाभूळ, हिवर चालतील, नाल्याच्या काठाला अर्जुन. त्यामुळे मुरमाचा उतार झाडांना राखा, बिल्डिंगला गेटजवळचा तुकडा द्या, तीही लहान करून.

पण माझा मुख्य आक्षेप त्या १५०० वर आहे. १० बाय १० मीटरवर एकरात ४० झाडं बसतात, मोहासारख्या पसरणाऱ्याला तेही कमीच. रस्ते, शेड, तलाव सोडून ८ एकर हाती राहिले तर ३२० झाडं. १५०० म्हणजे वनीकरण झालं, आर्बोरेटममध्ये झाड सगळ्या बाजूनं पूर्ण वाढलेलं दिसायला पाहिजे. १०० जाती, प्रत्येकी ३, झालं. आता पाण्याचा हिशेब लावून पाहा. रोपाला आठवड्याला २० लिटर धरा, ऑक्टोबर मध्यापासून जूनपर्यंत ३५ आठवडे. १५०० रोपांना साडेदहा लाख लिटर, ३०० ना २ लाख १० हजार, मे मध्ये दोनदा द्यावं लागतं ते वेगळं. बिल्डिंगचं छप्पर समजा ४०० चौरस मीटर धरलं, तर त्यावर आपल्याकडच्या १००० मिमी पावसात, वाया जाणारं सोडून, ३ लाख २० हजार लिटर पडतं. म्हणजे झाडांचा आकडा खाली आणला की टँकरचा खर्च जवळजवळ गेलाच, फक्त पावसाळ्यातलं पाणी साठवायला शेततळं किंवा टाकी करावी लागेल, कारंज्याचे पैसे तिकडे वळवा. त्या भागात रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर असेल तर कुंपण पहिल्या वर्षीच आणि उंच पाहिजे. १२ एकर चौकोनी असले तरी ८८० मीटर घेर आहे, लांबट असले तर हजाराच्या वर, तो आकडा एस्टिमेटात दिसला नाही. फेब्रुवारीच्या आत जाळरेषा (आग अडवायला गवत साफ केलेला पट्टा) पण काढावी लागते, वाळलेल्या गवताला कोणी बिडी टाकली की तीन वर्षांची मेहनत एका दुपारी जाते.

सेमिनरी_हिल्स_वॉकर
सगळे बिल्डिंगच्या मागे लागले राव. ४५ डिग्रीत पोरं आणणार, तर संडास, पिण्याचं पाणी आणि सावलीची शेड पाहिजे की नाही? लावलेल्या झाडांची सावली मिळायला बारा-पंधरा वर्षं लागतात. सेंटर नको पण शेड-टॉयलेट ब्लॉक पहिल्या वर्षीच करा.

काटोलरोडकर
शेड आणि टॉयलेट पटलं, मीटिंगमध्ये मांडतो. अडचण अशी की विश्वस्त म्हणतात सीएसआरवाल्या कंपन्या बिल्डिंगलाच पैसे देतात, त्यांना नावाची पाटी लागते, माळ्याच्या पगाराला कोणी देत नाही. खरं आहे का?

फाईल_क्लोज
अर्धं खरं. पाटी सगळ्यांनाच पाहिजे, पण कंपनी कायद्याच्या सीएसआरमध्ये पर्यावरणाचं काम बसतं आणि ऑनगोइंग प्रोजेक्ट म्हणून मंजूर करून घेतलं तर सुरू झालेलं वर्ष सोडून पुढची ३ वर्षं खर्च करता येतो. रोप जगवायला नेमकी तेवढीच वर्षं लागतात, म्हणून लावणी, कुंपण, पाणी, दोन माळी आणि एक नोंदी ठेवणारा असा ३ वर्षांचा एकच प्रस्ताव करा, पगार वेगळा मागू नका. पाटी लागत असेल तर शेततळ्यावर लावू द्या. ट्रस्टचं सीएसआर-१ रजिस्ट्रेशन (सीएसआरचे पैसे घेणाऱ्या संस्थेची सरकारकडे नोंदणी) झालं आहे का? १ एप्रिल २०२१ पासून त्याशिवाय कंपनी पैसे देऊच शकत नाही. १२ए, ८०जी या आयकराच्या नोंदण्या पण तपासा. चौथ्या वर्षापासूनचा पगार कुठून येणार हे मात्र आत्ताच ठरवा, ६० लाखातले निदान २० एफडीत टाका असं माझं मत.

धावडा_तिवस
आणि अमेरिकेच्या मॉर्टन आर्बोरेटमचं आर्बनेट म्हणून प्रमाणपत्र आहे, फी नाही, पहिल्या पातळीला २५ जाती, लेखी आराखडा, लोकांना प्रवेश आणि वर्षातून एक कार्यक्रम अशा साध्या अटी आहेत. विश्वस्तांना दाखवा, कोट्यवधीच्या सेंटरची अट त्यात कुठेही नाही.

काटोलरोडकर
सीएसआर-१ बद्दल सीएंना विचारतो, झालेलं नसावं. ओव्हरसियर साहेब, मातीची टेस्ट ड्रॉइंग बदलायच्या आधी करायची का नंतर?

रिटायर्ड_ओव्हरसियर
आधी. आणि दोन्ही तुकड्यांची करा, आर्किटेक्टले रिपोर्ट हातात देऊनच नवीन ड्रॉइंग मागा.