‘झेनझुख्ट’ तुमच्यापर्यंत कसा पोहोचला?

राम्मश्टाइन या बर्लिनच्या सहाजणांच्या बँडचा दुसरा अल्बम ‘झेनझुख्ट’ ऑगस्ट १९९७ मध्ये आला. इंडस्ट्रियल मेटलमध्ये, म्हणजे यंत्रांसारख्या ठोक्यांच्या जड गिटार-संगीतात, इतके घट्ट बांधलेले काम मी क्वचितच ऐकले आहे. नावाला मराठीत ओढ म्हणावे की हुरहूर, हे मला अजून ठरवता आलेले नाही. त्यातल्या ‘झुख्ट’चा सुटा अर्थ व्यसन असा आहे, हे कळल्यावर तर दोन्ही शब्द तोकडे वाटू लागले. हा अल्बम तुम्हाला कुठे आणि कसा भेटला, ते सविस्तर लिहावे.

पुण्याहून :
मी मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकत होते. वर्गात पूर्ण भूतकाळ चालू असताना मला ‘डू हास्ट’ हे गाणे आठवले आणि ते इतकी वर्षे आपण चुकीचे ऐकत होतो, हे लख्खकन ध्यानात आले. ‘तुझ्याजवळ आहे’ यासाठीचा ‘हास्ट’ आणि ‘तू द्वेष करतोस’ यासाठीचे क्रियापद यांचा उच्चार तंतोतंत एकच आहे. गायक टिल लिंडेमान ‘डू हास्ट मिश’ इथपर्यंत येऊन पुन्हा पुन्हा थांबतो, तेव्हा ऐकणाऱ्याला ‘तू माझा द्वेष करतेस’ असेच वाटते. मग अखेरीस ‘गेफ्राग्ट’ येते आणि सारे वाक्य ‘तू मला विचारलेस’ असे होऊन बसते. वाक्याच्या शेवटी येणाऱ्या क्रियापदाची वाट पाहणे आपल्याला मराठीमुळे अंगवळणी पडलेले आहे, त्यामुळे ही खेच मला आतून कळली. याच गाण्याच्या इंग्रजी आवृत्तीत सरळ द्वेषाचाच शब्द घातला आहे आणि त्यामुळे गाण्याचा प्राणच गेला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

श्टुटगार्टहून :
माझा ‘र’ फार खणखणीत आहे, तो घशातून काढावा, असे इथे मला सुरुवातीला सारखे सांगितले जाई. लिंडेमान मात्र जिभेच्या टोकाने ‘र’ घोळवतो, अगदी आपल्यासारखा. गाडीत एकटी असताना मी त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणत असे.

चिंचवडहून :
‘द मेट्रिक्स’ या चित्रपटाच्या गाण्यांच्या कॅसेटमध्ये ‘डू हास्ट’ होते. पुढे मित्राकडून पूर्ण अल्बम मिळाला. ‘एंगेल’ शिट्टीने सुरू होते, म्हणून आई स्वयंपाकघरातून कौतुकाने डोकावली आणि गिटारी सुरू होताच परत गेली. बाबा एका कारखान्यात पॉवर प्रेसवर, म्हणजे ठोका मारून पत्र्याला आकार देणाऱ्या यंत्रावर होते; प्रत्येक ठोका म्हणजे स्ट्रोक आणि त्याखालून काढायचा तुकडा म्हणजे जॉब. रात्रपाळी करून आलेले बाबा बूट न काढता खुर्चीवर बसून ऐकत राहिले आणि म्हणाले, “अरे, स्ट्रोक बरोबर पडतोय, आणि मध्ये जॉब काढायला वेळही ठेवलाय.” तोवर मी फक्त ठोके ऐकत होतो. त्यानंतर दोन ठोक्यांमधली ती रिकामी जागा ऐकू येऊ लागली : तळहाताच्या कडेने तारा दाबून गिटारचा आवाज जागच्या जागी तोडलेला, आणि त्या फटीत बँडमधल्या फ्लाकेच्या कीबोर्डचा बारीक सूर. पुढे गिटार हातात घेतल्यावर तो आवाज नेमका तोडायला मला वर्षभर लागले.