विषय: शनिवारची स्नोशू सहल – बीकनमध्ये लिथियम सेल कुणी घातले?

मंडळी,

पेटीतले आठही बीकन (हिमस्खलनात गाडलेल्याला शोधायची यंत्रं: एरवी संकेत पाठवतात, शोधताना दुसऱ्याचे पकडतात) आत्ता उघडून पाहिले. पाचांत लिथियम सेल निघाले. या मॉडेलच्या पुस्तिकेत स्वच्छ लिहिलंय: फक्त अल्कलाइन. लिथियमचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहतं आणि मग एकदम कोसळतं. टक्क्यांचा आकडा अल्कलाइनच्या उतारावर बेतलेला असल्यामुळे पडद्यावर भरपूर दिसत असतानाच बीकन बंद पडू शकतो. रिचार्जेबलही नकोत, ते १.२ व्होल्टचे.

शिवाय क्रमांक ४ च्या स्प्रिंगवर पांढरी पूड बसली आहे. उन्हाळाभर सेल आतच राहिले होते. घासून उपयोग नाही, तो बाद. म्हणजे उरले सात.

– साहित्यपेटी

------

Re: सेल मी घातले. थंडीत लिथियम जास्त टिकतात हे खरंच आहे, आणि काही नव्या मॉडेलमध्ये सेटिंग बदललं की ते चालतात. पण आपले त्यातले नाहीत, हे मान्य. अल्कलाइन आणतो. पेटीची किल्ली मात्र एकाच घरी का असते, हे पुन्हा विचारतो.

------

Re: Re: किल्लीचं बैठकीत बघू. नावं बारा, बीकन सात. बीकन नसलेल्यांना रांगेत मधे चालवलं तर?

------

Re: Re: Re: ताई, नाही. बर्फ रांग बघून कोसळत नाही. बीकन नसलेला माणूस गाडला गेला तर प्रोबची (बर्फात खुपसायच्या लांब काठ्यांची) रांग लावून शोधावं लागतं. पूर्ण गाडलेल्यांपैकी पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जगतात, पुढे शक्यता झपाट्याने घसरते. आणि त्याच्याकडे बीकन नाही म्हणजे तो दुसऱ्यालाही शोधू शकत नाही. सात बीकन असतील तर वर सात माणसं. प्रत्येकाकडे प्रोब आणि धातूच्या पात्याचं फावडंही हवं. कोसळून थांबलेला बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो, प्लास्टिकचं पातं तिथे मोडतं.

मोबाइल बंद करून लांबच्या खिशात ठेवा. पाठवताना बीकनपासून २० सेंटिमीटर, शोधताना ५० सेंटिमीटर, हा किमान नियम. चुंबकाची बटणं असलेले हातमोजेही घालू नका, त्यांनीही गडबड होते.

------

Re: Re: Re: Re: एवढं कशाला? मागच्या वर्षीचीच वाट घ्या, ती झाडीतली आहे. हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिनही फक्त ३ म्हणतंय, पाचांपैकी.

------

Re: Re: Re: Re: Re: काका, "फक्त ३" नाही. ३ म्हणजे एकट्या माणसाच्या वजनानेही उतार सुटू शकतो. बरेचसे जीवघेणे अपघात याच पातळीवर होतात, कारण ३ वाचून लोक निघतात.

झाडीचं म्हणाल तर, बर्फ धरून ठेवण्याइतकी दाट झाडी म्हणजे जिच्यातून स्नोशू घालून चालणंही जिकिरीचं. आपली वाट विरळ झाडीतली आहे, आणि ओढा ओलांडल्यावर डावीकडे वर मोकळा उतार येतो. नकाशावर तो ३४ ते ३८ अंश दिसतो. स्लॅब (बर्फाचे एकसंध घसरणारे थर) बहुतेकदा ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान सुटतात. आपण खाली सपाटीवर असलो तरी तो वरून येऊ शकतो, आणि कच्चा थर सलग असेल तर खालून चालणाऱ्याच्या वजनानेही वरचा उतार सुटतो. बुलेटिनमध्ये पूर्वेकडच्या उतारांवर ४० सेंटिमीटर खाली गाडलेल्या हिमतुषारांचा (सैल बर्फस्फटिकांचा) असाच कच्चा थर दिला आहे. वारा पश्चिमेचा होता, म्हणजे वाऱ्याने आणलेला बर्फही नेमका त्याच बाजूला साचला आहे. पायाखाली "धप्प" असा आवाज झाला किंवा स्नोशूपासून तडा पळत गेला, तर तिथूनच मागे फिरायचं.

माझं मत: ओढ्याअलीकडेच वळायचं. उजवीकडच्या सोंडेवर पूर्ण वाट २५ अंशांच्या आत राहते आणि डोक्यावर काही नाही. नकाशातल्या रंगांत लहान टप्पे हरवतात, म्हणून तिथे उतारमापकाने मोजूनच पुढे जायचं.

------

Re: Re: Re: Re: Re: Re: सोंड ठीक आहे. मग बाकीचे पाच?

------

Re: ते पार्किंगपासून सपाटीच्या वाटेने तळ्यापर्यंत. त्या वाटेच्या वरच्या बाजूला नकाशात उतार नाही, तपासलं आहे. सातांसाठी शनिवारी गाडीजवळ गट तपासणी: सगळे शोधण्याच्या मोडवर, एकजण पाठवण्याच्या मोडवर समोरून चालेल, मग उलट. अल्कलाइन सेल गुरुवारी सात वाजेपर्यंत आणा. क्रमांक ४ ला लाल चिकटपट्टी लावून वेगळा ठेवला आहे, कुणी उचलू नका.

– साहित्यपेटी