कँडिडेट म्हणजे पांढरे कपडेवाला? खरंय का हे

भडंगप्रेमी, सांगली:
मंडळी, गावात ग्रामपंचायतीचं इलेक्शन लागलंय. काल पारावर सगळे कडक खळ घातलेल्या खादीत बसलेले, तर बारावीतला पुतण्या हळूच म्हणतो काका, कँडिडेट या शब्दाचा अर्थच मुळात पांढरे कपडेवाला असा आहे. मला वाटलं मोबाइलवर वाचलेलं कायतरी. खरंय का? आणि मग कँडल, कँडी पण त्यातलंच का?

माहुली_घाट:
पोरगं बरोबर बोललं. लॅटिनमध्ये कांदिदुस म्हणजे लखलखीत पांढरं, त्यावरून कांदिदातुस म्हणजे पांढरं घातलेला. रोममध्ये पदासाठी उभा राहणारा माणूस तोगा, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायचं लांब वस्त्र, घालून चौकात फिरायचा, आता तोगा पडला लोकरीचा, तो कितीही धुतला तरी मळकटच, म्हणून त्यावर खडू चोळायचे. आपल्याकडं नीळ आणि खळ, तिकडं खडू. इतिहासकार लिव्ही सांगतो की इ.स.पू. 432 मध्ये मतांसाठी कपडे असे पांढरे करायला कायद्यानं बंदी आणली होती. कुणी ऐकलंय! कँडल त्याच घरातली. कँडी नाही, ती आपल्या संस्कृत ‘खंड’ची, फारसी-अरबी वाटेनं तिकडं गेली.

कंदी_पेढा, सातारा:
भारी गोष्ट राहिली की. आपला चंद्र पण कांदिदुसच्याच मुळातला, चमकणारा तो चंद्र. त्याचं जुनं रूप ‘श्चंद्र’, म्हणून तर हरिश्चंद्र म्हणतो, नाहीतर हरिचंद्र झालं असतं ना, तो मधला श उगीच नाही आलेला.

भडंगप्रेमी, सांगली:
म्हणजे राजा हरिश्चंद्र आणि आमचे कँडिडेट एकाच खानदानातले, हाहा. मग आपला उमेदवार कुठला?

माहुली_घाट:
फारसी. उमेद म्हणजे आशा, उमेदवार म्हणजे आशेवर बसलेला. पूर्वी कचेरीत बिनपगारी काम शिकणारा पण उमेदवारच, उमेदवारी करणं तिथलंच. मला विचाराल तर हाच शब्द जास्त खरा, कपडे काय कुणीपण घालतो.
आणि अँबिशन बघा, त्याचा मूळ अर्थ मतं मागत गावभर हिंडणं. त्याचाच भाऊ आंबितुस, म्हणजे मतं विकत घ्यायचा गुन्हा. इ.स.पू. 63 मध्ये सिसेरो हा रोमन पुढारी कॉन्सल, म्हणजे तिथला सर्वात वरचा अधिकारी, असताना या गुन्ह्याला शिक्षा ठेवली, दहा वर्षं तडीपार.

भडंगप्रेमी, सांगली:
हे शेवटचं पारावर वाचून दाखवू का नको?

कंदी_पेढा, सातारा:
जेवणावळी उरकू द्या आधी.